अकरा मिनिटांवरचं हॉस्पिटल

टोलेडो, ६ फेब्रुवारी

जो,

माझा नंबर तू अडवलास, ईमेल तशीच परत येतात, म्हणून कागद. कागदाला अडवायची सोय अजून कुणी काढलेली नाही. फाडता मात्र येतो. फाड, पण वाचून फाड.

इलायसने मला तुझी यादी सांगितली. त्याच्यावर चिडू नकोस. मी तुमच्या बेकरीत मनाईशची गरम रोटी खायला गेलो होतो, तो कणीक मळत होता, आणि कणीक मळताना तुझा भाऊ काहीही बोलून जातो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इमर्जन्सीच्या रेसिडेन्सीसाठी पाच हॉस्पिटलं, पसंतीच्या क्रमाने. पहिलं आपल्या गावातलं सेंट ओडिला. पाचवं, अगदी तळाला, पोर्ट ॲन्सेल्म.

मला यातलं काही कळत नाही असं तू म्हणायचीस, आणि ते खरंच आहे. मी गणिताच्या तिसऱ्या वर्षातून उठून आलेला माणूस. उठून म्हणजे शब्दशः उठून. प्राध्यापक फळ्यावर चुकत होते, मी ते सांगितलं, ते म्हणाले खाली बसा, मी उठलो. तेव्हापासून ऑपरेशनच्या हत्यारांचे डबे व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलांच्या मागच्या दारांनी पोचवतो आहे. पण मागच्या दारातून बरंच दिसतं.

सेंट ओडिला चांगलंच आहे. नवी इमारत, भरपूर उजेड, तुझ्या आईचं घर जवळ. त्यांच्या प्रमुखांनी तुला मुद्दाम पत्र पाठवलं, 'आमच्या कुटुंबात तुम्ही शोभून दिसाल' वगैरे, तेही इलायसने वाचून दाखवलं. मग विचार कसला करायचा? पहिलं तेच ठेव.

एकच गोष्ट मला कळेना. तुमच्या मुलाखती सगळ्या संगणकाच्या पडद्यावर होतात. पोर्ट ॲन्सेल्मला तू ऑगस्टचा महिनाभर काम केलंस तेवढं सोड. बाकी चार ठिकाणचा इमर्जन्सी विभाग तू आतून पाहिलेलाही नाहीस, आणि तिथे आयुष्याची तीन-चार वर्षं घालणार. लोक सोफा घेतानाही आधी बसून बघतात. मी तर रोज आत जातो. मनात आलं, बघून सांगावं.

ऑगस्टमध्ये जे झालं त्याबद्दल इथे लिहीत नाही. माझं बरोबर होतं, फक्त आवाज मोठा होता.

टेडी

टोलेडो, १४ फेब्रुवारी

जो,

आजच्या तारखेचा काही अर्थ काढू नकोस. पत्र कालच लिहायचं होतं, पण मला तारीख सम असलेला एक दिवस बघायचा होता. का, ते सांगतो.

आठवड्याभरात तीनदा सेंट ओडिलाला गेलो. डबे खाली दिले की माझं काम संपतं, पण कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला कुणी हटकत नाही. तिथे डोलोरेस म्हणून साफसफाईच्या बाई आहेत, बावीस वर्षं त्याच मजल्यावर. मी त्यांना विचारलं, इथे इमर्जन्सीचे रेसिडेंट कोणते? त्यांनी झाडूच्या दांड्याने दाखवलं. म्हणाल्या, "भिंतीला टेकून उभे आहेत ना, ते."

मला वाटलं बाई खोचक आहेत. मग मंगळवारी हमरस्त्यावरचा एक अपघात आला. काचेच्या दारातून मला पाठी तेवढ्या दिसल्या, पण त्या मोजल्या. अकरा पाठी, सगळ्या सर्जरीवाल्यांच्या. आपला, म्हणजे तुझ्या जातीचा, इमर्जन्सीवाला, एक जण डोक्यापाशी उभा होता, श्वासाची नळी त्याने घातली. छातीतली नळी, टाके, बाकी सगळं दुसऱ्यांनी केलं. डोलोरेसबाई म्हणाल्या, आज अकरा तारीख आहे म्हणून डोकं तरी मिळालं. विषम तारखेला डोकं यांचं, सम तारखेला तेही सर्जरीवाल्यांचं. अशी वाटणी असते हे तुला माहीत होतं का? माहीत असेल तर मुलाखतीत विचारलं होतंस का? मला खरंच जाणून घ्यायचंय. माणूस मरायला टेकलेला असताना कॅलेंडर बघायचं ही कल्पना कुणाला सुचली असेल?

आज चौदा. परत गेलो. तुझ्या जातीचे दोघं भिंतीला टेकून होते.

विभागाच्या बोळात नऊ खाटा लावलेल्या आहेत. वर जागा नाही म्हणून दाखल झालेले लोक तिथेच पडून असतात. एका आजोबांना विचारलं, कधीपासून आहात, तर म्हणाले काल न्याहारीपासून.

एकाच बाजूचं लिहिलं असं व्हायला नको. मार्कस नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटशी बोललो. तो म्हणाला शिकवणारे चांगले आहेत, झोप मिळते, बायको खूश आहे. मग मी त्याला तुला आलेल्या पत्रातलं ते वाक्य ऐकवलं. तो हसला. "शोभून दिसाल? ते सगळ्यांना जातं. मलाही आलं होतं. माझ्या वर्षाच्या बारा जणांना आलं आणि जे इथे आलेच नाहीत अशा साठ-सत्तर जणांनाही. आम्ही त्याला प्रेमपत्र म्हणतो."

हे तुला कळवताना मला आनंद झाला असं समजू नकोस. मी खरं तर उलट काही सापडेल म्हणून गेलो होतो.

टेडी

टोलेडो, १९ फेब्रुवारी

जो,

तुझं कार्ड मिळालं. सहा महिन्यांनी पहिलं अक्षर आणि त्यात काय, तर 'हेरगिरी थांबव'. वर हेही, 'पोर्ट ॲन्सेल्म पाचवं का आहे हे विचारायचा तुला अधिकार नाही, कारण ते तुझ्यामुळे पाचवं आहे. त्यांनी मला मुलाखतीला बोलावलं ते रीत म्हणून.'

कार्ड वाचून मी व्हॅनच्या दाराला लाथ मारली. दाराला काही झालं नाही. अंगठा सुजला आहे.

ठीक आहे, मग ऑगस्टचंच बोलू. तुझा वाढदिवस होता. मी आठ तास गाडी चालवत, तो लांबलचक पूल ओलांडून पोर्ट ॲन्सेल्मला आलो, हातात केक. हॉस्पिटलच्या बोळात ती म्हातारी डॉक्टर हात पाठीमागे बांधून तुला प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, चार माणसांसमोर, आणि तुझे डोळे भरून आले होते. शेवटी तू म्हणालीस, "मला माहीत नाही." मग मी ओरडलो. काय ओरडलो ते तू ऐकलंस, हॉस्पिटलनेही ऐकलं. दारावरच्या माणसाने मला उचलून बाहेर ठेवलं. केक कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही.

तुझ्या अर्जामागे शिफारशीचं एक पत्र त्या म्हाताऱ्या डॉक्टरचंच होतं, आणि ते तुला वाचता येत नाही. तसं सही करून मान्य करावं लागतं, हे इलायसने सांगितलं. म्हणजे त्या पत्रात मी आहे की नाही हे तुला माहीत नाही. मलाही नाही. महिनाभर काम केलेल्या मुलीला मुलाखतीला बोलावतातच, तशी रीत आहे, त्यामुळे बोलावण्यावरूनही काही कळत नाही. कुलूपबंद पेटी. म्हणून तू धरून चाललीस की आत वाईटच आहे, आणि जिथे जावंसं वाटत होतं ते हॉस्पिटल तळाला ठेवलंस. ते नाकारतील, तर त्यांच्यावर पहिली जागा कशाला वाया घालवायची, असंच ना?

इथे तू चुकतेस, जो. मी उठून आलो असेन, पण आधीच्या दोन वर्षांचं गणित डोक्यात आहे.

काल डेपोत वांडाला मी यात सामील करून घेतलं. वांडा म्हणजे आमच्या गाड्या कुठे जाणार ते ठरवणारी बाई. चार ड्रायव्हर, चार फेऱ्या. प्रत्येक ड्रायव्हरने आवडीची यादी लिहायची, फेऱ्यांच्या वतीने वांडाने तिची. मग तुमच्या आणि हॉस्पिटलांच्या याद्या जुळवणाऱ्या यंत्राची पद्धत. प्रत्येकाने आपलं पहिलं मागायचं. फेरी त्याला तात्पुरता ठेवून घेते. त्याच्याहून जास्त पसंतीचा कुणी आला तर त्याला सोडते. सुटलेला दुसरं मागतो. महत्त्वाचं हे की दुसऱ्या ठिकाणी तो उशिरा आला म्हणून मागे पडत नाही. त्याची पत तिथे तेवढीच राहते, जणू त्याने पहिल्यांदा तेच मागितलं होतं.

स्टॅनला ॲन आर्बरची फेरी मनापासून हवी होती. पण वांडा आपल्यावर खार खाऊन आहे असं त्याला वाटत होतं, म्हणून त्याने शहाणपणा करून पहिलं नाव लिमा गावच्या फेरीचं घातलं. लिमा मिळाली. मग वांडाने तिचा कागद उलटला. ॲन आर्बरसाठी तिच्या कागदावर पहिलं नाव स्टॅनचं होतं. त्याने तो कागद दोनदा वाचला. आम्ही त्याला समजावत होतो की हा खेळ आहे, खरी फेरी बदललेली नाही. पण त्याच्या मनाला लागलं ते लागलंच.

तुला जे सगळ्यात जास्त हवं ते पहिलं ठेवल्याने तुझं काहीही जात नाही. त्यांनी नाकारलं तर बाकीची यादी जशीच्या तशी उरते. तळाला ठेवल्याने मात्र जाईल. हे मी रागाने लिहीत नाही. थोडं रागाने लिहितो आहे, पण गणित बरोबर आहे.

टेडी

पोर्ट ॲन्सेल्म, २६ फेब्रुवारी

जो,

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. लागेल तसं लाव. ओरडण्याआधी शेवटपर्यंत वाच. मी हे तुला सांगतोय याचं मलाच हसू येतं.

मी इथे बघायला आलो होतो, फक्त बघायला. आत जायचं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर तासभर बसायचं, निघायचं. दारापर्यंतसुद्धा पोचलो नाही. गाड्या लावायच्या जागेत बर्फ होतं, मी शहरातले बूट घातले होते. उजवं मनगट मोडलं.

तर आता मी खरोखरचा पेशंट. आत पेट्रा निएमी म्हणून दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आली. तिच्यामागून हात पाठीशी बांधून, पायात बर्फाचे बूट, पाठीवर पांढरी वेणी, तीच म्हातारी डॉक्टर, लेहतिनेन. मला बघितलं. निएमीला म्हणाल्या, सांग. ती म्हणाली, बर्फावर घसरून पडला, मनगट मोडलं. आणि मग सुरू झालं, ऑगस्टसारखंच. घसरून पडला की आधी चक्कर आली आणि मग पडला? तू विचारलंस की धरून चाललीस? डोकं आपटलं? बोटांना स्पर्श कळतो? अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलंस? तिथे दुखलं आणि फोटोत काही दिसलं नाही तर काय करशील? तसंच घरी पाठवलंस तर सहा महिन्यांनी काय होईल? एकेक प्रश्न आधीच्यापेक्षा खोल. मला माझ्या स्वतःच्या मनगटाची इतकी उत्सुकता वाटायला लागली की दुखणं विसरलो. निएमीचे कान लाल झाले होते. शेवटी ती म्हणाली, "मला माहीत नाही."

आणि लेहतिनेन म्हणाल्या, "छान. शिकवणी इथून सुरू. चल, दोघी बघू."

जो, ऑगस्टमध्ये हे वाक्य यायच्या आत मी ओरडायला लागलो होतो.

तू मला तेव्हा बाहेर गाडीपाशी हेच सांगत होतीस का? तू काहीतरी सांगत होतीस. मी ऐकत नव्हतो.

मग दोघींनी पाहिलं. मनगट निएमीने बसवलं. सुन्न करायचं इंजेक्शन तिने दिलं, ओढलं तिने, प्लास्टर तिने घातलं. लेहतिनेन शेजारी उभ्या, हात पाठीमागेच. मी विचारलं, हाडांचे डॉक्टर नाही येणार? निएमी म्हणाली, हाडांचा रेसिडेंट या हॉस्पिटलात नाहीच, कुठलाच दुसरा रेसिडेंट नाही. दारातून जे येईल ते आमचं. मी तारखांच्या वाटणीबद्दल विचारलं. कसली वाटणी, ते तिला समजेचना.

तक्रारीही लिहितो. इथे डिसेंबरात दुपारीच अंधार पडतो. निएमीने गेल्या हिवाळ्यात दोनदा सोडून जायचा विचार केला होता, तिने स्वतः सांगितलं. मांस आणि बटाटे भरलेल्या मोठ्या करंज्यांखेरीज गावात काही मिळत नाही. तुझ्या आईच्या हातचं जेवलेल्या माणसाला जड जाईल.

प्लास्टर वाळत असताना लेहतिनेन एकट्या आल्या. म्हणाल्या, "तू ऑगस्टमधला."

मी हो म्हटलं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला नको. दारावरच्या व्हर्नकडे माग. तुला उचलताना त्याची पाठ लचकली."

मी पुढे बोलायला गेलो. तुझं नावही पुरतं घेतलं नव्हतं, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "उमेदवारांबद्दल मी बोलत नाही. मनगटाबद्दल काही असेल तर बोल."

मनगटाबद्दल काही नव्हतं. पत्रात काय आहे ते मला माहीत नाही, आणि हे मी तुला शपथेवर सांगतो की याहून जास्त काही विचारलं नाही.

व्हर्नकडे गेलो. त्याला मी आठवलोच नाही. मी केकचं सांगितलं, तेव्हा कुठे ओळख पटली. म्हणाला, "अरे हो, केक. चांगला होता." पाठीबद्दल माफी मागितली, तर म्हणाला ती आधीपासूनच तशी आहे, डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायची सवय. मग म्हणाला, "शेवटच्या दिवशी ती मुलगी माझी पाठ कशी आहे विचारायला आली होती. तिने सांगितलेला व्यायाम मी अजून करतो." मी विचारलं, माझ्याबद्दल नंतर इथे काय बोलणं झालं. तो म्हणाला, "पोरा, इथे आठवड्याला एक जण ओरडतो. कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं?"

सहा महिने तू आणि मी दोघंही समजत होतो की त्या दिवशी आभाळ कोसळलं. इथल्या लोकांसाठी तो एक गुरुवार होता, वर केक मिळाला.

टेडी

टोलेडो, ३ मार्च

जो,

बारा तास लागले परतायला, एका हाताने. हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे, उद्या मिळेल. यादीवर शेवटची मोहर बुधवारी रात्री नऊला, हे मला माहीत आहे. त्यानंतर कुणालाच काही बदलता येत नाही.

पहिल्या पत्रात सेंट ओडिलाची तारीफ करताना मी उजेड लिहिला, तुझी आई लिहिली. एक लिहिलं नाही. सेंट ओडिला माझ्या खोलीपासून अकरा मिनिटांवर आहे. मी मोजलं होतं, दोनदा, एकदा सिग्नल लागून. यादीतलं पहिलं नाव ऐकलं आणि बेकरीत इलायसला मिठी मारली. तो म्हणाला पीठ लागेल, मी म्हटलं लागू दे. डोलोरेसबाईंना प्रश्न विचारायला गेलो तोही तुझ्यासाठी नाही. तुला पक्कं करायला काहीतरी हाती लागावं म्हणून गेलो. मग जे दिसत गेलं ते खोडता येईना.

मला तू अकरा मिनिटांवर हवी आहेस. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल.

तुला यादी लावून देणारा मी कुणी नाही. सेंट ओडिला मनापासून हवं असेल, आईजवळ राहायचं असेल, झोप हवी असेल, तर ते पहिलं ठेव. त्यात कमीपणा काहीच नाही. मार्कस सुखात आहे. पण पोर्ट ॲन्सेल्म माझ्यामुळे पाचवं ठेवू नकोस. मी इतका मोठा माणूस नाही. व्हर्नला विचार.

तुला कुठे जायचंय हे मला माहीत नाही. ऑगस्टच्या आधी तू फोनवर तिथल्या गोष्टी सांगायचीस, त्या मी तुझा आवाज ऐकण्यासाठी ऐकत होतो. काय सांगत होतीस ते आता आठवायचा प्रयत्न करतो तर तुकडे तेवढे हाताला लागतात. मासेमारीची होडी. कुणाच्या तरी कानातला गळ. तू हसत होतीस. इतकं मात्र नक्की की सेंट ओडिलाबद्दल बोलताना तू कधी हसली नाहीस, पण ते पडद्यावरचं बोलणं होतं, त्यात कोण हसतं?

बुधवारी मी तुला फोन करायचा प्रयत्न करणार नाही. कोलंबसला तुझ्या कॉलेजवर येणार नाही. इलायसमार्फत काही विचारणार नाही. उद्या इथे सगळं गाव पोंचकीच्या गोड डोनटांसाठी रांगेत उभं असेल. मी त्या रांगेत असेन.

टेडी

टोलेडो, २१ मार्च

जो,

फोनवर माझं नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे. निकालाची पाकिटं बारा वाजता उघडतात हे माहीत होतं, मी पावणेबारापासून व्हॅन बाजूला लावून बसलो होतो. बारा वाजून चार मिनिटांनी इलायसचा नंबर दिसला. मागे इतका गोंगाट की मला वाटलं तो काहीतरी वाईट सांगतोय. मग तू बोललीस.

तू म्हणालीस, "टेडी, पोर्ट ॲन्सेल्म." आणि तुझ्या आईच्या रडण्याचा आवाज आला. मला कळेना ते कोणत्या जातीचं रडणं आहे. बहुधा दोन्ही.

मी काही बोललो नाही म्हणून तू विचारलंस, ऐकतोस ना. ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकत होतो, म्हणून बोलायला वेळ लागला. यादी बुधवारी पावणेनऊला बदललीस हे तू आपणहून सांगितलंस. कशामुळे बदललीस ते विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. अजूनही रोज विचारावंसं वाटेल. विचारलं नाही. ते तुझं.

खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मला दहा मिनिटं वाईट वाटलं. मग तुझ्या पहिल्या हिवाळ्याचा विचार करत बसलो आणि वाईट वाटायचं थांबलं. तुझ्यासमोर काय काय येईल याची मला इतकी उत्सुकता आहे की तुझ्याजागी मीच जावं. पण मला कोण घेणार.

आता ट्रकचं. जूनच्या दुसऱ्या शनिवारी सामान हलवायचंय, इलायसला बेकरी सोडता येणार नाही आणि तुझ्या आईला तू एकटीने ट्रक चालवणं मान्य नाही, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मग थांबलीस. मी म्हटलं, मनगट तोवर बरं होईल, मी चालवीन.

मग म्हणालीस, "पुलापर्यंत."

मी लगेच हो म्हटलं. तुला वाटेल मी तेव्हा हो म्हणतोय आणि पुलावर पोचलो की वाद घालीन. तसा माझा लौकिक आहे. म्हणून हे लिहून पाठवतो. चौकशी केली आहे. पुलाच्या अलीकडच्या गावात पेट्रोलपंपासमोर थांबायला मोकळी जागा आहे. तिथे मी उतरेन, चाव्या तुझ्या हातात देईन, आणि पुढचे तीन तास, पोर्ट ॲन्सेल्मपर्यंत, ट्रक तू चालवशील. पुलावर वारा असतो. गाडी मधल्या पट्ट्यात ठेव आणि हळू जा.

दक्षिणेकडे येणारी बस तिथून दिवसातून एकदाच सुटते, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. तिकीट आजच काढलं.

टेडी